भरल्या गाडीबरोबर सहा दिवस

दिवस पहिला

हा ट्रक चार महिन्यांत तीनदा माझ्याकडे आला आणि तिन्ही वेळा दुखणं एकच. डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरमध्ये काजळी अडवायला बसवलेला फिल्टर, चोंदलेला. पॅनेलवर दिवा पेटलेला, इंजिनाने ताकद आवरती घेतलेली, चढावर गाडी ओढेना. मी तिन्ही वेळा फिल्टर उतरवला, साफ केला, बसवला आणि गाडी परत दिली. तिसऱ्या वेळी चावी घेताना गाडीचे ड्रायव्हर, उस्ताद, म्हणाले, "मेस्त्री, फिल्टर तुम्ही छान साफ करता. पण तो भरतो कशाने?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फिल्टर बिघडलेला नव्हताच. काजळी अडवणं हे त्याचं काम आणि तो ते इमानाने करत होता. काजळी येत होती इंजिनातून. पण माझ्या शेडमध्ये इंजिन गुळगुळीत चालायचं, रेस केलं तरी तक्रार नाही, संगणक जोडला तर एकही एरर कोड नाही. शेडमध्ये गाडी रिकामी असते आणि उभी असते. दुखणं भरल्या गाडीचं आणि चढावरचं, ते तिथे दिसणार कसं? म्हणून हत्यारांची पेटी, होज पाइपांचे तुकडे, क्लिपा आणि एक वही घेतली आणि सहा दिवसांसाठी उस्तादांच्या शेजारी जाऊन बसलो. गाडीत तिसरा माणूस क्लीनर पोरगा, विशीतला, चौकस.

उस्तादांची सकाळची पाहणी मला फार आवडली. बॉनेटला हात लावायच्या आधी ते खाली वाकून जमीन बघतात. रात्रभर उभ्या गाडीने खाली काय सोडलंय ते आधी बघायचं. रंगीत डाग म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी, काळा म्हणजे ऑइल, आणि डिझेल पसरट डागावरून आणि वासावरून कळतं. त्या दिवशी जमीन कोरडी होती. पट्टा ठीक, कूलंट ठीक. मग डिपस्टिक ओढली आणि थबकलो. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं.

"टॉपअप कधी केलंत?"

"केलंच नाही. मागच्या सर्व्हिसनंतर थेंबभर घातलं नाही. हे इंजिन ऑइल पीतच नाही, मेस्त्री." उस्ताद समाधानाने बोलले आणि मला काळजी वाटली.

ऑइल थोडंफार कमी होणं समजू शकतो, प्रत्येक इंजिन ते खातं. न घालता वाढलं तर त्यात दुसरं काहीतरी शिरतंय. कूलंट शिरलं तर ऑइल दुधाळ होतं, फिलर कॅपच्या आतल्या बाजूला पिवळट साय धरते. इथे तसं काही नव्हतं. डिपस्टिक नाकाशी नेली, डिझेलचा वास आला. ऑइल चिमटीत चोळलं, त्याला हवा तसा चिकटपणा नव्हता. मग टिपकागदावर एक थेंब सोडला आणि अर्धा तास तसाच ठेवला. मध्ये काळा ठिपका, त्याच्याभोवती करडं वर्तुळ, आणि सगळ्यात बाहेर फिकट, जवळजवळ बिनरंगी तेलकट कडं. ते कडं डिझेलचं.

हे डिझेल आलं होतं त्या फिल्टरच्याच पायी. साठलेली काजळी जाळून फिल्टर मोकळा करण्याच्या क्रियेला रिजनरेशन म्हणतात आणि त्यासाठी फिल्टर साधारण 550 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. आमच्या इंजिनात संगणक त्यासाठी थोडं जास्तीचं डिझेल उशिरा फवारतो, पिस्टन खाली निघालेला असताना. ते सिलिंडरमध्ये न जळता पुढे जातं आणि सायलेन्सरमधल्या कॅटॅलिस्टवर जळून फिल्टर तापवतं. पण सगळं पुढे जात नाही. काही सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बसतं आणि पिस्टनच्या रिंगांमधून निथळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. कधीमधी झालं तर चालतं, त्यातलं बरंच गरम ऑइलमधून उडून जातं. आठवड्यात अनेकदा झालं तर ऑइल पातळ होत जातं, आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगा त्याच ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत असतात. म्हणजे मी तीनदा फिल्टर साफ करून गाडी देत होतो तेव्हा आत बेअरिंगांवर घाला पडत होता.

ऑइल आणि ऑइल फिल्टर तिथल्या तिथे बदलले. निघायला संध्याकाळ झाली, पण त्या ऑइलवर मी गाडी घाटात घालू दिली नसती. नव्या ऑइलवर इंजिन थोडं चालवलं, बंद केलं, ऑइल खाली उतरू दिलं आणि पोराला डिपस्टिक वाचायला सांगितली. वहीत लिहिलं: वरच्या खुणेवर, बरोब्बर.

दिवस दुसरा

सपाट रस्ता, कडक ऊन. इंजिन एका लयीत चालत होतं, वहीत लिहायला काही नव्हतं. दुपारी रस्त्याच्या कडेला एक जुनी गाडी उभी दिसली. ड्रायव्हर सेल्फवर सेल्फ मारत होता, इंजिन फिरत होतं पण पकडत नव्हतं, आणि सायलेन्सरमधून धुराचा मागमूस नव्हता. सेल्फ मारताना धूरच येत नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाहीये, एवढं लांबूनच कळतं. उस्तादांनी गाडी बाजूला घेतली.

टाकी तळाला गेलेली, मग डिझेल भरलेलं, पण मधल्या काळात लाइनीने हवा घेतली होती. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंपाने कितीही जोर लावला तरी तो त्या बुडबुड्यांतच जिरतो आणि डिझेल फवारणारी नोझल उघडत नाही. जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीत उपाय हातात असतो. डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा बोल्ट दोन आटे सैल केला आणि पोराला हातपंप मारायला लावलं. आधी नुसती फुसफुस, मग फेस, मग फेस आणि डिझेलची सरमिसळ, आणि शेवटी बुडबुड्याशिवाय सलग धार. तिथे बोल्ट आवळला. हातपंप दगडासारखा घट्ट झाला म्हणजे फिल्टरपर्यंतची हवा गेली. मग नोझलकडच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारला, एकेकीतून डिझेल थबकत आलं तशी ती आवळत गेलो. तिसरी आवळताच इंजिनाने पकड घेतली.

पोराला मी लगेच बजावलं की आपल्या गाडीत असं कधीही करायचं नाही. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे एका सामाईक नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल मिळतं तिथे, त्या नळ्यांमध्ये 1,600 ते 2,500 बारचा दाब असतो (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब). चालू इंजिनाची नळी सैल केली तर केसाएवढी धार कातडी भेदून आत शिरते. वरून नुसती टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, पण आत डिझेल पसरतं आणि हात गमवायची पाळी येते. असं झालं तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. अशा गाडीत हवा काढायची ती फक्त कमी दाबाच्या बाजूने, हातपंपाने किंवा टाकीतल्या विजेच्या पंपाने.

जुनी गाडी सुरू झाली तेव्हा आधी पांढरा धूर आला. डिझेल आत येतंय पण थंड सिलिंडरमध्ये नीट जळत नाहीये, असा तो धूर असतो. मिनिटभरात तो विरला. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंट कमी होत असलं, तर हेड गॅस्केट (सिलिंडरच्या हेडखालचं सील) किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग) तपासायचा, कारण मग ती कूलंटची वाफ असते. निळसर धूर ऑइल जळण्याचा, रिंगांकडून, व्हॉल्व्हच्या सीलकडून नाहीतर इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोकडून. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. ड्रायव्हरने गाडी हलवली तसा काळ्या धुराचा लोट उठला. त्याचा एअर फिल्टर काढून बघितला तर धुळीने बुजलेला. तो झटकला, पण झटकून भागणार नाही, नवाच घाला असं सांगितलं.

मग मी आमच्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. बोट स्वच्छ. जुन्या गाडीचं दुखणं धुरातून चारचौघांना दिसत होतं. आमच्या गाडीचा काळा धूर फिल्टर स्वतःच्या पोटात घेत होता आणि आम्हाला फक्त फिल्टर भरल्याचा दिवा दिसत होता. हवा कमी पडतेय, हा विचार तिथे पहिल्यांदा डोक्यात पक्का झाला. एअर फिल्टर मी शेडमध्ये नवा घातला होता. मग हवा जाते कुठे?

संध्याकाळी डिझेल भरलं. पुढे थोड्याच वेळात डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला. वॉटर सेपरेटरखाली काचेची बरणी धरून नळी सोडली. बरणीत दोन थर उभे राहिले, वर सोनेरी डिझेल, खाली बोटभर पाणी, आणि मधल्या रेषेवर काळपट बुळबुळीत गाळ. पोरगा बरणी उन्हाकडे धरून कितीतरी वेळ बघत होता. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या आतले भाग एकमेकांत दोन-तीन मायक्रॉनच्या फटीने बसलेले असतात आणि त्यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. पाणी गेलं की गंज, गंजाने ओरखडे, आणि मग इंजेक्टर थेंब गाळू लागतो. टाकी रात्री अर्धी रिकामी ठेवली तर आतल्या दमट हवेचं पाणी होतं, हेही त्याचं एक कारण. उस्ताद म्हणाले, यापुढे मुक्कामाला टाकी भरूनच गाडी लावू. या टाकीने दोन दिवसांनी वेगळाच त्रास दिला, पण ते पुढे सांगतो.

दिवस तिसरा

घाट सुरू झाला. हीच वेळ मला हवी होती.

दुसऱ्याच वळणानंतर तापमानाचा काटा सरकू लागला. उस्तादांनी घाई केली नाही. एक गिअर खाली घेतला, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाढू दिला म्हणजे पाण्याचा पंप आणि पंखा जोरात फिरतील, आणि काटा तरीही चढतोय म्हटल्यावर रुंद जागा बघून गाडी लावली. इंजिन लगेच बंद केलं नाही, हळू चालू ठेवलं. पोरगा कापड घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे निघाला, त्याला मी दंडाला धरून मागे ओढलं. बंद यंत्रणेत सुमारे एक बारच्या दाबामुळे कूलंट 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं कूलंट एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

काटा खाली येईपर्यंत बाहेरून तपासणी केली. पट्टा ताठ, पंख्याचा क्लच पकडतोय, होज पाइप सगळे गरम, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा थर्मोस्टॅट उघडलेला. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती. पण मोठ्या गाडीत समोर दिसतो तो इंटरकूलर, टर्बोची गरम हवा गार करणारा, रेडिएटर त्याच्या मागे असतो. दोघांच्या मधल्या चार बोटांच्या फटीत विजेरी मारली. तिथे धूळ, किडे आणि तेलकट चिकटा मिळून नमद्यासारखी गादी बसली होती. समोरून पाणी मारून धुणाऱ्याला ती कधीच दिसत नाही, उलट प्रत्येक धुण्यात ती आणखी आत दाबली जाते. गाडी निवल्यावर वरचे बोल्ट काढून इंटरकूलर पुढे कलवला आणि पाठीमागून, हलक्या धारेने गादी सोडवली. दोन तास गेले. पुढे काटा जागचा हलला नाही.

ती गादी तेलकट का होती, हे मात्र मला तेव्हाच खटकायला हवं होतं. कूलंट तेलकट नसतं, रस्त्यावरची धूळही नसते.

उरलेल्या चढावर मी खिडकी बंद करून कान देऊन बसलो. पूर्ण लोडवर, साधारण चौदाशे-पंधराशे आरपीएमच्या दरम्यान, एक बारीक शूऽऽ ऐकू आली. उस्तादांनी पाय ढिला केला की बंद, पाय दाबला की पुन्हा. "हा आवाज कधीपासून?" विचारलं तर म्हणाले, "टर्बोचाच आहे ना? पहिल्यापासून शिट्टी मारतो." टर्बो शिट्टी मारतो हे खरं, पण टर्बोची शिट्टी आरपीएमबरोबर चढत जाते, आणि ही एका जागी फुटत होती.

मुक्कामी पोचल्यावर उस्तादांनी इंजिन तीन मिनिटं हळू चालू ठेवलं आणि मग बंद केलं. ही सवय सगळ्यांना असायला हवी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि ऑइलच्या पापुद्र्यावर फिरतो. चढावरून येऊन तडक चावी फिरवली तर ऑइल थांबतं, दांडा तापलेलाच असतो, आणि आतलं ऑइल जळून कोळसा धरतं. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनियरने 1905 साली वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबायची कल्पना पेटंट केली, आज तिच्याशिवाय मोठा डिझेल ट्रक घाट चढत नाही. म्हणून टर्बोची ही तीन मिनिटं राखायची.

गार झाल्यावर टर्बोचा हवेकडचा पाइप काढून दांडा हलवून बघितला. आडवी किंचित हालचाल, ती असतेच. पुढेमागे काही नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. टर्बो ठीक. सगळे होज पाइप हाताने चाचपले, दाबले, वाकवले. एकही फाटलेला सापडला नाही. रात्री वहीत फक्त एवढंच लिहिलं: शूऽऽ, लोडवर.

दिवस चौथा

रात्री आम्ही उंच पठारावर होतो. पहाटे पारा शून्याच्या नऊ अंश खाली. उस्तादांनी सेल्फ मारला, इंजिन दोनदा कुंथलं आणि थांबलं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती दाबण्यानेच तापेल आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटेल. रुडॉल्फ डिझेलने 1897 साली आउग्सबुर्गला ज्या इंजिनाची चाचणी दिली ते याच तत्त्वावर चाललं आणि इंधनातली 26.2 टक्के ऊर्जा त्याने कामाला लावली, त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या कितीतरी पुढे. पण हवा तापायची तर पिस्टन झपाट्याने वर यायला हवा. हळू आला तर उष्णता थंड लोखंडात मुरते आणि हवा रिंगांतून निसटते. थंडीत बॅटरीचं बळ घटतं आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल इंजिनाला जड करतं. सेल्फ फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नये, किती वेगाने फिरतोय ते ऐकावं.

गाडीत बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. दोन्ही मोजल्या, ठीक होत्या. मग पोराला सेल्फ मारायला लावला आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर, दुसरं त्याच खांबाच्या टर्मिनलवर धरलं. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, आले दीड व्होल्ट. टर्मिनल उचकटलं तर आत पांढरी-हिरवी बुरशी. घासलं, आवळलं. सेल्फ खणखणीत फिरला, इंजिन पकडलं, मिनिटभर छान चाललं आणि हुंदके देत बंद पडलं.

सेपरेटरची पारदर्शक वाटी बघितली. परवाचं सोनेरी डिझेल ढगाळ झालं होतं, पांढुरकं, चुन्याची निवळी ढवळल्यासारखं. डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं, त्याचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि डिझेलची वाट बंद होते. नळ्यांत उरलेल्यावर इंजिन मिनिटभर चाललं, एवढंच. उष्ण प्रदेशात मिळणारं डिझेल त्या हवेसाठी बनवलेलं असतं, थंड प्रदेशातलं वेगळं. आम्ही टाकी प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी खाली उष्ण मुलखात काठोकाठ भरली होती. पाण्यापासून वाचायला केलेला शहाणपणा पठारावर अंगाशी आला, कारण वर येऊन इथलं डिझेल घ्यायला टाकीत जागाच ठेवली नव्हती.

कोमट पाण्यात भिजवलेली फडकी फिल्टरभोवती गुंडाळत राहिलो, ऊन वर येऊ दिलं, फिल्टर बदलला, हवा काढली. गोठण रोखणारं औषध मिळतं, पण ते डिझेल ढगाळायच्या आधी घालावं लागतं, एकदा धरलेलं मेण ते विरघळवत नाही. टाकीखाली जाळ करणारे लोक मी पाहिले आहेत. हात जोडून सांगतो, करू नका. पेट्रोलही मिसळू नका, कॉमन रेलच्या पंपाचं वंगणच ते धुऊन नेतं.

धुरातले घातक वायू कमी करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी तपासली, त्याने त्रास दिला नव्हता. त्या द्रावणात 32.5 टक्के युरिया असतो, कारण याच प्रमाणात ते सगळ्यात कमी तापमानाला गोठतं, उणे 11 ला. आम्ही दोन अंशांनी वाचलो. बाकी दिवस पठार ओलांडण्यात गेला, सांगण्यासारखं काही नाही.

दिवस पाचवा

आज शेवटचा चढ, सगळ्यात उभा. रात्री पडल्या पडल्या इंटरकूलरमागची ती तेलकट गादी डोळ्यांसमोर येत होती. टर्बोच्या पुढच्या नळ्यांत हवेबरोबर ऑइलची थोडी वाफ असतेच. ती हवा कुठून तरी बाहेर पडत असेल, तर आसपासची धूळ तेलकट होणारच.

"उस्ताद, टायरमध्ये भुरभुरवायची पांढरी पावडर आहे का?"

होती. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनाच्या तोंडापर्यंतचा प्रत्येक होज, प्रत्येक सांधा मी फडक्याने पुसला आणि त्यावर पावडर चोपडली, खालून सुद्धा, आरसा धरून. उस्तादांना म्हटलं, आता चार किलोमीटर दामटा आणि जागा मिळेल तिथे थांबा. चढाच्या पायथ्यापासूनच शूऽऽ सुरू झाली.

थांबल्यावर आरसा घेऊन आडवा झालो. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या होजच्या पोटाशी, वरून कधीच न दिसणाऱ्या बाजूला, पांढऱ्या पावडरीत एक स्वच्छ पंखा उमटला होता. एका बिंदूपाशी टोक, पुढे पसरत गेलेला, आणि टोकाशी ऑइलने ओली काळी रेघ, नखाएवढी. होज दाबून बघितला, रेघ मिटलेली. बोट आत घालून फुगवल्यासारखा ताणला, तेव्हा चीर ओठांसारखी उघडली. उभ्या गाडीत ती चीर नव्हतीच. दोन बार दाबाने होज फुगला की उघडायची, पाय काढला की मिटायची. तिन्ही वेळा शेडमध्ये मी याच होजवरून हात फिरवला होता.

पोराने विचारलं, "काका, हवा गळतेय तर संगणकाला कळत का नाही?" चांगला प्रश्न. या इंजिनात हवा मोजणारा सेन्सर सुरुवातीलाच आहे, एअर फिल्टरच्या लगेच पुढे. तिथे हवा पूर्ण मोजली जाते, वाटेत सांडते. संगणक मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल सोडतो, सिलिंडरला हवा त्याहून कमी मिळते, आणि उरलेलं डिझेल अर्धवट जळून काजळी होतं. दाब थोडा पडला तर टर्बोची पाती आवळून तो भरून काढतो, म्हणून एरर कोडही येत नाही. टर्बो मात्र त्यापायी गरजेहून जास्त फिरत राहतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर चौथ्यांदा हीच गाडी आली असती. नवा होज घालायच्या आधी बघितलं की चीर तिथेच का पडली. बरोबर खाली एका ब्रॅकेटची कड होती आणि ती घासून चकचकीत झाली होती. उभ्या गाडीत दोघांमध्ये अंगठा जाईल एवढं अंतर. मग लोडवर घासतं कसं? उस्तादांना हँडब्रेक ओढून, समोर कोणी नाही हे बघून, गिअरमध्ये क्लच थोडा पकडवायला सांगितलं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. इंजिन जागच्या जागी कुशीवर वळलं, चांगलं दोन बोटं. एका बाजूच्या फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या आधाराचं, रबर बसून लोखंडापासून सुटलं होतं. प्रत्येक चढावर इंजिन कलायचं, होज त्या कडेवर जाऊन टेकायचा आणि घासला जायचा.

फाउंडेशनचं रबर सुटलं, म्हणून होज घासला. होज फाटला, हवा गळाली, काजळी वाढली, फिल्टर भरला, रिजनरेशन वाढलं, डिझेल ऑइलमध्ये उतरलं. मी आजवर या साखळीच्या शेवटाकडची कडी साफ करत होतो.

पेटीतला होजचा तुकडा मापात बसला, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा. ब्रॅकेटची कड कानसीने गोल केली आणि त्यावर जाड रबर बांधलं. फाउंडेशनचं रबर रस्त्यात मिळणारं नव्हतं, तोवर पाय जपून ठेवायचा असं ठरलं. पुन्हा पावडर लावली, उरलेला चढ चढलो. पावडर जशीच्या तशी होती. केबिनमध्ये टर्बोची शिट्टी ऐकू येत होती, आरपीएमबरोबर चढणारी, स्वच्छ. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त ज्या वळणावर ते नेहमी गिअर उतरवतात तिथे त्यांनी तो उतरवला नाही.

दिवस सहावा

उतार आणि मग सपाटी. उतारावर उस्तादांनी एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून वेग आवरणारा ब्रेक) गाडी सांभाळली, आरपीएमचा काटा लालात जाऊ दिला नाही. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथे डिझेल तोडून आरपीएम आवरत नाही, त्यामुळे ज्या गिअरमध्ये चढलो त्याहून वरच्या गिअरमध्ये उतरायचं नाही हा त्यांचा नियम.

मागच्या फेरीत याच टप्प्यात रिजनरेशनचा दिवा दोनदा लागला होता, हे पोराच्या लक्षात होतं. आज तो संध्याकाळपर्यंत पॅनेलकडे बघत बसला. दिवा लागला नाही. माल उतरवून झाल्यावर गाडी सपाट जागी लावली, इंजिन बंद केलं आणि पंधरा मिनिटं थांबलो. पोराने मला विचारलं नाही, आपणच डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली आणि विजेरीखाली धरली.

"वरच्या खुणेवर, काका. बरोब्बर."